शेवंतासाठी काळी बिअर

९ नोव्हेंबर १९५८, रविवार

थर्मामीटर फुटला. दवाखान्याचा! जवाचं पाणी किती तापलंय ते पाहायला म्हणून तपेल्यात धरला आणि टक्‌ झालं. माणसाच्या तापाचा थर्मामीटर, तो चुलीवरच्या पाण्याला कसा पुरेल? इतकी वर्षं तोच हातात धरते आहे आणि एवढं सुचू नये! पारा सगळा तपेल्यात. ते जव परसात खोल खड्डा करून पुरले, कोंबड्यांची चोचसुद्धा पोचायला नको.

आणि किती निगुतीने केले होते! नाचणीच्या सत्त्वाला आणते तसेच मोड आणले, गोणपाटात बांधून, पाणी शिंपडून. मग उन्हात वाळवले, चोळून मोड झाडले, जात्यावर भरडले. तपेल्यातलं सगळं खड्ड्यात.

हा उपद्व्याप कशासाठी ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना मला वेड लागलं होतं असं मलाच वाटायचं. शेवंताला सहावा महिना चालू आहे. तिचा पहिला मुलगा गेल्या साली इथेच झाला, माझ्या हातावर. चांगला गुटगुटीत. सव्वा महिना होऊन ती कोळवणला सासरी गेली आणि श्रावणात निरोप आला— ‘पोरीचं दूध आटलं, पोर गेलं.’ एवढाच निरोप. पौडच्या दवाखान्यात मी साऱ्या पेट्यातल्या बायकांची बाळंतपणं करते आणि माझ्याच लेकीचं दूध आटतं! या खेपेला ते होऊ देणार नाही.

लढाईच्या दिवसांत मी पुण्याच्या लष्करी इस्पितळात होते. सोल्जरांच्या बायकांच्या वॉर्डात थोरली सिस्टर अशक्त बाळंतिणींना रोज पेलाभर काळी बिअर द्यायची. कडू, फेसाळ. त्याने दूध उतरतं म्हणायची. बाटल्या येईनाशा झाल्या तेव्हा तिने मागच्या पडवीत स्वतःच केली आणि ढवळायला मला उभं केलं. आता दारूबंदी. विकत मिळायची नाही, कुणाकडे मागायची सोय नाही. म्हणजे घरीच करायला हवी. ढवळण्यापलीकडे मला काय येतं ते आज दिसलंच.

१० नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं, रोग्याने तापाच्या भरात थर्मामीटर चावला. ‘कोणत्या रोग्याने?’ आता रोगी कुठून आणू!

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरी खेप. भरडलेले थोडे जव डब्यात मागे राहिले होते ते घेतले. या वेळी थर्मामीटर नाही, बोट. बोट घातलं की लगेच काढावंसं वाटेल इतकं ऊन पाणी. चार मुठी जव तव्यावर काळेकुट्ट भाजून त्यात टाकले. तपेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं, मग मांजरपाटातून गाळलं. पाणी चक्क गोड! कोरड्या जवात ही गोडी नव्हती. सिस्टर कडूपणासाठी विलायतेची कसली वाळकी फुलं घालायची. ती इथे कुठली मिळायला? मी किराईत घातलं. तापावर देतो तेच, कडू म्हणजे कडू.

इतक्यात शेजारचे कुशाबा आले. पोलीस पाटील आहेत, त्यामुळे कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावायचा आपल्याला हक्क आहे अशी त्यांची समजूत.

‘नर्सबाई, कसला वास म्हनायचा ह्यो?’

‘काढा आहे.’

‘एवढा मोटा काढा? समद्या गावाला खोकला झालाय का काय?’

बसले. चहा झाला, सुपारी झाली तरी हलेनात. तपेलं निवून गार झालं. शेवटी मीच उठून केरसुणी फिरवायला लागले तेव्हा गेले.

ओतायला मोठं भांडं एकच, लोणच्याची बरणी. तिला हिंगाचा वास. राख झाली, चिंच झाली, तरी वास जाईना. मग दवाखान्यातल्यासारखं कार्बोलिकच्या पाण्याने घासून काढली. आता कशी लखलखते आहे! त्यात सगळं ओतलं आणि इलाहीभाईंच्या बेकरीतलं खमीर वाटीभर सोडलं. वर फडकं बांधलं. उद्यापर्यंत फसफसायला हवं.

१८ नोव्हेंबर

काही नाही. एक बुडबुडा नाही.

२० नोव्हेंबर

आजही ढिम्म. फडकं सोडून नाक घातलं, आणि उभ्या जागी कळलं. ऑपरेशनच्या खोलीचा वास! कार्बोलिकने जंतू मरतात आणि खमीर म्हणजे तरी दुसरं काय? जंतूच! जे जगवायचं तेच मी मारलं, तेही हौसेने घासूनपुसून. अशी चीड आली स्वतःची! ओतून दिलं. जव पुन्हा आणायचे, पुन्हा मोड आणायचे, पुन्हा वाळवायचे.

३० नोव्हेंबर, रविवार

बरणी बोलते आहे! परवा ओतलं, काल सकाळी वर फेसाची साय आली, आणि आज तर फडकं फुगून खाली उतू गेलं. फळीवर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे चिकट घाण. पुसता पुसता कंबर धरली. तरी बरणीला कान लावून किती वेळ उभी होते. गुबुक गुबुक चाललं आहे.

कुशाबांनी नेमकं ते ऐकलं. ‘आत कोन हाय?’ म्हणाले. मग जवळ येऊन हुंगलं आणि तोंडभर हसले.

‘कायदा म्हंजे कायदा, नर्सबाई. म्या पाटील हाय. कळवाय लागंल.’

‘कळवा. औषध आहे म्हणून सांगीन.’

‘आवशीद व्हय? मंग माज्या गुडघ्याला बी लागंल थोडं.’

गुडघ्याला लावायला टर्पेंटाइनची बाटली दिली. तोंड आंबट करून घेऊन गेले.

७ डिसेंबर, रविवार

आज दोन कामं झाली. शेवंता माहेरी आली आणि बिअर बाटल्यांत भरली.

बिअरचं आधी. फेस बसला, गाळ खाली गेला, वरचं नितळ पाणी नळीने काढून औषधाच्या बाटल्यांत भरलं. बाटलीत पुन्हा थोडं गोड घालायचं असतं, म्हणजे खमीर तिथे परत जागं होऊन वायू धरतं. सिस्टर चिमूटभर साखर म्हणायची. चिमूट हे काय माप झालं? कुणाची चिमूट? मी प्रत्येकीत चमचा चमचा गूळ घातला आणि बुचं ठोकून बसवली.

शेवंता वाळली आहे. हाताच्या शिरा दिसतात. ‘खात नाहीस का?’ विचारलं तर ‘खाते की.’ दूध दिलं तर अर्धा पेला ठेवून दिला. ओरडले तिच्यावर. मागच्या खेपेला दूध आटलं ते असंच आटलं असणार! ती वाल सोलत राहिली. पूर्वी किती बडबडायची.

१२ डिसेंबर

चमचा फार झाला. दुपारी एकामागून एक बुचं उडाली. एक कुशाबांच्या पागोट्याला लागलं. ते रस्त्याने जात होते, तेवढ्यात खिडकीतून! ‘गोळीबार, गोळीबार’ करत देवळापर्यंत पळाले. अर्ध्याहून जास्त बिअर भिंतीवर. मी डोकं धरून खाली बसले.

शेवंता मात्र हसली. पोटाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईतो. आल्यापासून पहिल्यांदा. ‘हसतेस काय? तुझं औषध आहे ते!’ मी म्हटलं, तशी थांबली.

२१ डिसेंबर, रविवार

नवी खेप तयार. बुचांचा नाद सोडला. इलाहीभाई बेकरीच्या जोडीला सोड्याचं दुकान चालवतात, त्यांच्याकडून गोटीच्या बाटल्या आणल्या. काच जाड, फुटायची नाही. तोंडाशी रबराचं कडं, आत काचेची गोटी. बाटली भरून उलटी ठेवायची, गोटी घसरून तोंडाशी येते, आतला वायू वाढला की तोच तिला दाबून धरतो. मग सरळ केली तरी पडत नाही. दुकानात यंत्राने वायू भरतात, इथे खमिराने तो भरायचा, म्हणून धीर हवा.

आधी इलाहीभाईंना जिऱ्याचं पाणी भरायचं आहे म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर जिवाला लागलं. नमाज चुकवत नाही तो माणूस, आणि त्याच्या बाटल्यांत मी हे भरणार, तेही खोटं बोलून! परत गेले आणि सांगून टाकलं, लेकीच्या दुधासाठी काय करते आहे ते. ते पाव मोजत होते. मान वर केली नाही.

‘औषध म्हनून हाय ना, बाई?’

‘होय.’

‘मंग पुन्यांदा मला सांगू नका. आन्‌ बाटल्या परत देताना उकळून द्या.’

बरं वाटलं. गूळ या वेळी चिमूटभरच. माझी चिमूट.

४ जानेवारी १९५९, रविवार

संताप संताप झाला आज. एक बाटली फोडायला म्हणून खोलीत गेले तर सगळ्या बाटल्या सरळ! रांगेत, नीट, जशा दुकानात असतात. वायू अजून गोटी धरण्याइतका भरला नव्हता, त्यामुळे गोट्या सगळ्या खाली उतरलेल्या. वायू गेला. प्याले तर नुसतं कडू पाणी.

शेवंताने केलं. ‘उलट्या पडल्या होत्या म्हणून सरळ ठेवल्या’ म्हणाली. जमीन सारवायला घेतली होती, तेव्हा आवरून ठेवल्या. बाटल्या उलट्या कोण ठेवतं असं तिला वाटलं. वाटणारच की! मी तिला काही सांगितलंच नव्हतं. पण माझा तोल गेला. ‘तुझ्यापायी मरते आहे मी! चुलीपुढे कंबर मोडली, कायद्याशी खोटं बोलले, आणि तू एका दिवसात पाणी केलंस!’ असं आणि आणखी पुष्कळ बोलले.

ती एवढं पोट घेऊन खाली बसली आणि एकेक बाटली उलटी करत गेली. आता उलटी करून काय उपयोग ते तिला कुणी सांगायचं? मी तिथून उठून दवाखान्यात गेले. तिथेही कुणी नव्हतं ओरडायला.

१८ जानेवारी, रविवार

आणखी एक खेप. वाळूने भरलेल्या घमेल्यात बाटल्या मान खाली घालून रोवल्या आहेत. शेवंताला सगळं समजावून सांगितलं. ‘हात लावणार नाही’ म्हणाली.

थंडी आहे, धरणावरून वारा येतो, त्यामुळे सगळं सावकाश. सिस्टर म्हणायची, भरून झाली की बाटलीला एकटं सोड, ती आपली आपण मुरते. मला हेच जमत नाही. रोगी असो, बाटली असो, मी तासातासाला जाऊन बघणार. ‘तपासायला’ म्हणून एकेक फोडते आणि कच्चीच निघते. अशाने बाळ यायच्या आत तपासण्यातच संपायची!

२६ जानेवारी

आज फोडली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलगी. पहाटे, अडचण काही नाही. शेवंताने हुंकारसुद्धा दिला नाही, नुसतं माझं मनगट धरलं होतं. वळ उठलेत. पोरीचा आवाज खणखणीत, नाक आमच्या ह्यांचं. ते असते तर साऱ्या आळीत पेढे घेऊन फिरले असते. मी रडले थोडी, हात धुवायला गेले तेव्हा.

११ फेब्रुवारी

दूध आलं! असं तसं नाही, चोळी भिजून जाते. पोरीला घोट आवरत नाही, ठसका लागतो. बिअरचा एक थेंब न पिता! आनंद झाला, होणारच. पण खरं लिहायचं तर जरा रागही आला. इतके महिने राबले ते कशासाठी?

मग नीट विचार केला. मागच्या खेपेलाही इथे होती तोवर सगळं ठीकच होतं. तिकडे गेल्यावर आटलं. तेव्हा खरी गरज तिकडेच लागणार. बाटल्या तिच्याबरोबर पाठवायच्या. म्हणजे ती नुसती होऊन भागत नाही, टिकायला हवी, आणि एस.टी.त हादरे खाऊनही फुटायला नको. घ्या!

१ मार्च, रविवार

जमली. जमली! गोटी अंगठ्याने दाबली तशी टप्प करून आत गेली आणि पेल्यात बोटभर फेस चढला, तांबूस, साईसारखा. खाली काळीभोर. कडू, पण मागून भाजक्या भाकरीची चव. अगदी सिस्टरची. पेला धरून चुलीपुढे बसून राहिले.

कुणाला तरी दाखवावी म्हणून कुशाबांना अर्धा पेला दिला. एका दमात घशाखाली घातली, मिशा पुसल्या.

‘ह्यो सोडा हाय का काढा?’

‘बिअर आहे, पाटील!’

‘न्हाई बा. कायबी चढत न्हाई. ह्याला कुटं कळवू म्या?’

असल्या माणसापुढे काय बोलायचं? त्यांना पुन्हा देणार नाही.

१९ मार्च

कोळवणहून निरोप आला. रविवारी जावई आणि विहीणबाई न्यायला येतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले, टहाळ तोडून वाहायला माणूस नाही, तेव्हा सव्वा महिना झाला की पाठवा म्हणे. बाळंतिणीच्या डोक्यावर टहाळाचे भारे! चिडले, पण सासरचा हक्क. नाही कसं म्हणू? बाटल्या तेवढ्या बरोबर जातील. पेंढा घालून खोक्यात भरायला घेते.

२१ मार्च, शनिवार

बाटल्या तशाच टाकून लिहायला बसले आहे.

खोकं भरत होते आणि शेवंताला समजावत होते. रोज संध्याकाळी अर्धा पेला, सासूबाईंनी विचारलं तर आईचा काढा सांग, दूध कमी वाटलं तर पेलाभर. ती पोरीला पाजत बसली होती. म्हणाली, ‘आई, हे नको.’

‘नको काय? मागच्यासारखं आटलं म्हणजे?’

‘आटलं कुठं होतं?’

मी पेंढा हातात धरून तशीच राहिले. ती पोरीकडे बघतच बोलत होती. आधी हळू, मग सगळं.

मागच्या खेपेला गेली ती ऐन भातलावणीत. खाचरं घरापासून लांब, दिवसभर पावसात गुडघाभर चिखलात. पोर घरी सासूजवळ. भिजल्या अंगाचं दूध थंड होतं, दिवसभर तुंबलेलं दूध शिळं होतं, ते पाजलं की पोराला बाधतं, असं त्या घरात मानतात. विहीणबाईंनी, रत्नाबाईंनी, बजावलं होतं, सांजच्याला घरी येताना ते पिळून टाकून यायचं. आणि घरी आल्यावरही अंगात ऊब आल्याशिवाय पोराला घ्यायचं नाही. ऊब येईतो पोर रडून झोपलेलं असायचं. दिवसा त्याला भाताची पेज आणि गुळाचं पाणी.

‘बांधावर बसून पिळायची मी,’ शेवंता म्हणाली. ‘चिखलात पांढरं पांढरं दिसायचं. एवढं असायचं, आई. आणि तो घरी वाळत चाललेला.’

शिळं दूध! दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच तर ओरडून सांगते, आईचं दूध अंगात शिळं होत नाही, थंड होत नाही, पाजा, पाजा. कोळवणच्या बायकांनाही सांगितलं आहे. माझ्या लेकीला सांगायचं राहिलं. तिला माहीतच असणार असं मी धरून चालले. ती सांगते, माहीत होतं. पण तिथे कोण ऐकणार होतं?

‘मग मला का नाही बोललीस?’

‘तू विचारलंस कधी? मी समोर आले की म्हणायचीस, खात नाहीस. आणि बाटल्या दाखवायचीस.’

खरं आहे. साडेतीन महिने ती या घरात आहे आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, बाळा, काय झालं होतं? आजार ठरवला, औषध ठरवलं, आणि खमिराला जेवढं जपलं तेवढं तिला नाही. तिला जवळ घेतलं तर पोरगी मध्ये चेंगरून रडायला लागली.

उद्या ते येणार. विहीणबाई काही दुष्ट नाहीत, पोराला त्याही रडल्या होत्या. पण पाऊस पडला की पुन्हा लावणी आहे आणि पुन्हा तेच घर. ठेवून घ्यावी तर नांदती लेक माहेरी ठेवली म्हणून गाव तोंडात शेण घालेल, तिचा संसार मोडला तर कोण भरून देणार? पाठवावी तर ही पोर. मला काही सुचत नाही. पहिल्यांदाच असं झालं आहे की काय करायचं ते मला सांगता येत नाही.

२२ मार्च, रविवार

आले होते. रत्नाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली आणि मलाच विचारलं, ‘इहीणबाई, पोरीला दूध पुरतंय न्हवं?’ मी तोंड उघडायच्या आत शेवंता म्हणाली, ‘लई पुरतं, आत्याबाई. म्हनूनच ते बांधावर टाकाया येत न्हाई मी.’

रत्नाबाई संध्याकाळच्या एस.टी.ने एकट्याच परत गेल्या. जावई ओट्यावर बसून आहेत. त्यांचं ताट करायला शेवंता उठली, तिला खाली बसवलं. मीच वाढते.